ताजा सांधा हलवायचा नाही

माझी बायको ऑपरेशननं गेली नाही. ऑपरेशन चांगलं झालं होतं. ती माझ्यामुळं गेली. गावात कुणाला असं म्हटलं की लोक हात धरतात, म्हणतात, तात्या, असं बोलू नये. म्हणून बोलायचं सोडलं आणि लिहायला बसलो. चौथीपर्यंत शाळा झालीय. जसं येतं तसं लिहितो.

आम्ही दोघांनी सगळा जन्म पाइपा जोडल्या. उजनी धरणाच्या फुगवट्यापासून वरच्या माळावरच्या उसाला पाणी न्यायचं तर मैलोन्‌मैल पीव्हीसीची लाइन लागते. बावड्याच्या बाजूला, इंदापूरच्या बाजूला, पार तिकडं सोमेश्वरनगरपर्यंत आमच्या हातच्या लाइनी जमिनीखाली आहेत. चारी खणणारे वेगळे असायचे. सांधे जोडायचं काम आमचं. पाइपाचं एक टोक रुंद असतं, त्याला कॉलर म्हणतात. त्यात दुसऱ्या पाइपाचं टोक बसवायचं. बसवायच्या आधी दोन्हीला सोल्युशन लावायचं. सोल्युशन म्हणजे पाइप चिकटवायचा पातळ डिंकच म्हणा, डब्यातनं येतो, वासानं डोकं धरतं.

पुसायचं आणि सोल्युशन लावायचं काम तिचं, दाबायचं माझं. माझ्यापेक्षा तिचा हात बारीक होता. फडक्यानं टोक पुसायची, मग पदरानं पुसायची, मग गालाला लावून बघायची, ओल लागते का. थेंबभर पाणी राहिलं तरी सांधा धरत नाही. मी घाई केली की म्हणायची, "थांबा जरा. तुमच्या दाबन्यानं चिकटत न्हाय ते, माझ्या पुसन्यानं चिकटतंय."

सगळे सांधे झाले की ती जुन्या लुगड्याची एक चिंधी फाडायची आणि मोटरच्या स्टार्टरच्या पेटीला बांधायची. चिंधी आहे तोवर मोटर सुरू करायची नाही. एक दिवस आणि एक रात्र जाऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी ती स्वतः येऊन गाठ सोडायची, मग मालकानं बटण दाबायचं. हा तिचा कायदा होता. आमच्या भागात सगळ्यांना माहीत होता. लोक चेष्टेनं म्हणायचे, आलं का लुगड्याचं सील.

एकदा बावड्याकडच्या एका बागायतदारानं ऐकलं नाही. ऊस वाळत होता, त्याला दम नव्हता. सोल्युशनचा डबा हातात घेऊन तिला वाचून दाखवायला लागला.

"हितं लिवलंय की. पाच मिंटात पक्कं."

"मग त्या डब्यालाच जोडा मोटर," ती म्हणाली.

आम्ही जेवायला बसलो तेवढ्यात त्यानं चिंधी काढून मोटर सुरू केली. मोटर एकदम सुरू केली की पाण्याचा पहिला धक्का जिथं लाइन वळते तिथं बसतो. तिथल्या बेंडचा सांधा सुटला. माती ढासळली, चारी चिखलानं भरली, तीन दिवसांचं काम पुन्हा उकरावं लागलं. ती काठावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मालक, इचारा आता डब्याला, फुडं काय करायचं." सगळे मजूर हसले. बागायतदार पण हसला, काय करणार.

तेव्हापासून आमच्या दोघांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. डब्यावर काही लिहिलेलं असू दे. ताजा सांधा हलवायचा नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की पुढचं समजावं.

गेल्या साली तिला छातीत जड वाटायला लागलं. पाठीत दुखायचं. दोन पायऱ्या चढली तरी बसायची. इंदापूरला डॉक्टरनं छातीची सोनोग्राफी केली आणि बारामतीला पाठवलं. बारामतीच्या दवाखान्यात मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढले. तिथं ऑपरेशन करणारा डॉक्टर पुण्याहून ठरल्या दिवशी यायचा. तरुण होता, बोलायला चांगला. त्यानं कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयातून एक मोठी रक्ताची नळी निघते, वर जाते आणि छत्रीच्या मुठीसारखी वळते. तिला महाधमनी म्हणतात. वळायच्या आधी ती फुगली होती. फुटली तर संपलं.

ती चित्राकडं बघून म्हणाली, "म्हंजे पाइप फुगलाय. व्हय वो?"

डॉक्टर म्हणाला, "अगदी तसंच, आजी. फुगलेला तुकडा कापून टाकायचा आणि तिथं कापडाची नवीन नळी बसवायची. दोन्ही टोकं शिवायची."

मी विचारलं, "शिवल्यावर भोकातनं गळंल की."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, "काका, बरोबर विचारलंत. सुईच्या भोकातून रक्त पाझरतंच. म्हणून शिवणीवरून एक चिकट औषध सोडतो. गोंदच असतो तो. पिचकारीत दोन औषधं वेगवेगळी असतात, टोकाला एकत्र येतात आणि लगेच धरतात. काही ठिकाणी नळीचे पापुद्रे सुटलेले असतात, तेही त्यानं चिकटवता येतात."

"आन वलं असलं तर?"

"जागा आधी कोरडी करून घ्यावी लागते. तेवढा वेळ रक्त मशीनमधून फिरवतो."

"म्हंजे तुमी बी आदी पुसून घेता," ती म्हणाली.

"हो आजी. आधी पुसून घेतो."

"मग बरं. हे पुसत न्हाईत. जन्मभर मलाच पुसाया लावलं."

डॉक्टर हसला, बाजूची नर्स हसली. मी विचारलं, धरायला किती वेळ लागतो. तो म्हणाला, अर्ध्या मिनिटात धरायला लागतो, काही मिनिटांत पक्का. वर छातीला टाके घालून होईपर्यंत पक्का झालेला असतो.

परत येताना एसटीत ती खिडकीजवळ बसली होती. भवानीनगर मागं पडलं तेव्हा म्हणाली, "मिंटात धरतो म्हन्ला."

मी म्हणालो, "डब्यावर बी तसंच लिवत्यात."

ती हसली. आम्ही दोघं हसलो. त्या हसण्याची मला आता शिसारी येते.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिनं पिशवीतून चिंधी काढून माझ्या हातात दिली. घरूनच फाडून आणली होती, निळ्या काठाच्या लुगड्याची. म्हणाली, "झालं की माझ्या खाटंला बांधा. सोडीन मीच." तिला आत नेलं. मी आणि मुलगी बाहेर बाकावर बसलो. मुलगी वालचंदनगरला असते, जावई कंपनीत आहे, क्वार्टर आहे. एकच लेकरू आमचं. ती सारखी मोबाइलवर वेळ बघत होती. दुपार उलटली तेव्हा डॉक्टर आला. कपाळावर टोपीचा वळ होता. म्हणाला, "काका, सांधा छान झालाय. मी पाच मिनिटं नुसता बघत उभा होतो. एक थेंब गळत नाही."

मी त्याच्या पाया पडायला वाकलो. त्यानं धरलं.

दोन दिवस ती आयसीयूत होती. तिसऱ्या दिवशी वॉर्डात आणली. मी चिंधी खाटेच्या दांड्याला बांधली. माझी गाठ तिला पसंत पडली नाही. पडल्या पडल्या एका हातानं तिनं ती ओढून नीट केली. नर्सला वाटलं देवाचं काही आहे, तिनं राहू दिली.

वॉर्डात व्यायाम करून घ्यायला एक पोरगी यायची. फिजिओ म्हणतात. पंचविशीची असेल, पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले. तिनं आम्हाला एक प्लास्टिकचा डबा दिला. त्यात तीन कप्पे, प्रत्येकात एक रंगीत गोळी. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, म्हणजे गोळ्या वर जातात. एक उशी दिली. म्हणाली, "आजी, ही उशी छातीशी घट्ट धरायची आणि खोकायचं. जोरात. तुमच्या छातीत वर्षानुवर्षं चुलीचा धूर गेलाय. कफ आत साठला तर न्यूमोनिया होईल. आणि रोज चालायचं. आज दारापर्यंत, उद्या खिडकीपर्यंत."

हे मी ऐकलं. कळलं नाही असं म्हणणार नाही. मराठीतच बोलत होती.

तिच्यासमोर बायकोनं उशी धरली आणि खोकली. खोकली तशी डोक्यापासून पायापर्यंत हलली. तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. आणि मला डॉक्टरचं चित्र दिसलं. छत्रीची मूठ. वळणाच्या अलीकडं ताजा सांधा. आणि हा आतून बसणारा धक्का. बावड्याची ती चारी माझ्या डोळ्यासमोर आली. खरं सांगतो, मला त्या माळावरच्या मातीचा वाससुद्धा आला.

पोरगी पुढच्या खाटेकडं गेली. मी बायकोच्या कानाशी जाऊन म्हणालो, "हळू. सांधा ताजा हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मला बी तसंच वाटतंय. खोकले की आत काय तरी वढतंय."

ते ओढणं छातीच्या हाडाचं होतं. हाड कापून तारेनं बांधलेलं असतं, ते सगळ्यांचंच ओढतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा खाटेजवळ बटण होतं. दाबलं असतं, नर्स आली असती, विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. सांध्यातलं मला कळतं, असं मला वाटत होतं.

"किती दिस न्हाय हलायचं?" तिनं विचारलं.

"पाइपाला आपुन एक दिस देतो. ह्यो तर काळजाचा हाय. आठ दिस तरी देऊ."

"डॉक्टर तर म्हन्ला, मिंटात."

"त्यो बागायतदार बी म्हन्ला व्हता."

तिनं मान डोलावली. दुसऱ्या कुणाच्या बायकोनं ऐकलं नसतं. नवऱ्याला वेड्यात काढून खोकली असती आणि जगली असती. पण तिनं हजारो सांधे स्वतःच्या हातानं पुसले होते. सुटलेला सांधा तिनं बघितला होता. माझं बोलणं तिला पटलं, कारण ते तिचंच होतं.

मग आम्ही दोघं मिळून खोकला दाबायला लागलो. खोकल्याची उबळ यायची तेव्हा ती माझं मनगट धरायची, दात आवळायची, मान ताठ करायची. मी म्हणायचो, "दाब. दाब. गेली बघ." मी कोमट पाण्याचा घोट द्यायचो. उबळ गेली की ती घामानं ओली व्हायची आणि माझ्याकडं बघायची, जमलं का म्हणून. मी म्हणायचो, जमलं. पाइपाचं टोक कॉलरमध्ये दाबून धरावं आणि मागं सरकू देऊ नये, तसं चाललं होतं. मला तिचं कौतुक वाटत होतं.

फिजिओच्या पोरीला पुष्कळ खाटा होत्या. सकाळी एकदा यायची, संध्याकाळी एकदा. मधल्या वेळेसाठी तिनं एक कागद दिला होता. त्यावर चौकटी होत्या. दर तासाला गोळ्या उचलल्या की एक खूण करायची, खोकलं की एक, चाललं की एक. मला वाचायला नीट येत नसलं तरी खुणा करता येतात. मी सगळ्या चौकटी भरल्या. ती आली की विचारायची, "आजोबा, चालवलं का आजींना?"

"दोनदा चालवलं."

"आजी, दमलात का?"

"न्हाय बया," बायको म्हणायची, "खिडकीपातूर गेले. भाईर जांभळाचं झाड हाय की."

झाड आहे हे तिला मी सांगितलं होतं. पोरगी गेली की ती मला डोळा घालायची. साठी उलटून गेली होती आणि डोळा घालायची. पोरीसमोर ती एकदा खोकायची, तेही घशातल्या घशात. पोरगी म्हणायची, अजून जोर लावा. ही म्हणायची, उद्या लावते.

वॉर्डातल्या चौथ्या दिवशी मुलगी आली. भाकरी, दोडक्याची भाजी घेऊन आली होती. आईला तसंच पडलेलं बघून म्हणाली, "आई, ऊठ की. दारापर्यंत चल, मी धरते."

मी म्हणालो, "गप बस."

"आबा, आवो डॉक्टर म्हणत्यात..."

"डॉक्टर काय बी म्हणंल. सांधा सुटला तर उकराया तू येनार हायस का त्यो? तुला काय कळतंय सांध्यातलं?"

शेजारच्या खाटेवरचे लोक बघायला लागले. मुलीचं तोंड एवढंसं झालं. तिच्या आईनंच तिला जवळ घेतलं. म्हणाली, "आगं जाऊ दे. तुझा बाप सरकारी इंजिनेर हाय. चिंधी सुटली की बघ कशी पळते. वालचंदनगरपातूर चालत येते. चा ठेव म्हंजे झालं."

मुलगी हसली. मी तिला दुपारच्या गाडीनं घरी धाडलं. उद्या येऊ नको म्हणालो, लेकरांची शाळा असते. खरं कारण ते नव्हतं. ती उठवील म्हणून नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ताप होता. श्वास वरच्यावर घेत होती, कुत्र्यासारखा. मी गोळ्यांचा डबा तिच्या तोंडाला लावला, काय सुचलं कुणास ठाऊक. पहिली गोळी जराशी हलली आणि खाली बसली. नर्सनं बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि पळाली. फोटो काढायचं मशीन खाटेशीच आणलं. ऑपरेशनवाला डॉक्टर त्या दिवशी आलेला होता, त्यानं फोटो उजेडाकडं धरला. दोन्ही बाजूंना खाली पांढरं होतं. म्हणाला, फुप्फुसाचा खालचा भाग बसलाय, कफ साठलाय, त्यात जंतू झालेत.

मग त्यानं विचारलं, "खोकत होत्या ना? चालत होत्या?"

फिजिओची पोरगी बाजूला उभी होती. माझा कागद तिच्या हातात होता. ती म्हणाली, "हो सर. चार्ट पूर्ण भरलाय."

डॉक्टर तिच्याकडं बघून इंग्रजीत काहीतरी बोलला. मला शब्द कळले नाहीत, सूर कळला. पोरीचे कान लाल झाले. मी तिथंच उभा होतो, दोन हातांच्या अंतरावर. तोंड उघडायला काही लागत नव्हतं. मी उघडलं नाही.

तिला आयसीयूत न्यायला ढकलगाडी खाटेशी लावली. मास्क चढवायच्या आधी तिनं मला हातानं जवळ बोलावलं. म्हणाली, "सांधा गळाय लागला काय वो?"

मी म्हणालो, "न्हाय. सांधा चांगला हाय."

"मग कशानं असं व्हतंय?"

मला उत्तर माहीत होतं. तेवढ्या दोन मिनिटांत कळलं होतं. मी म्हणालो, "व्हतंय बरं." तिला उबळ आली. तिनं सवयीनं दात आवळले, माझं मनगट धरायला हात पुढं केला. डॉक्टर ओरडला, "खोका आजी, खोका!" ती माझ्याकडं बघत होती. मी खोक म्हणायला तोंड उघडलं तेव्हा मास्क चढला होता.

नंतर घशात नळी घातली, मशीन लावलं. पाच दिवस. सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली. मुलगी आत होती, मी बाहेर होतो, औषधाच्या दुकानासमोर उभा होतो.

सगळं उरकायच्या आधी मी वॉर्डात गेलो, राहिलेलं सामान आणायला. तिच्या खाटेवर दुसरी बाई होती. चिंधी तशीच दांड्याला. मी गाठ सोडायला गेलो तर सुटेना. तिनं ओढून घट्ट केलेली होती. त्या बाईचा नवरा म्हणाला, "आसू द्या की. देवाची दिसतीय. आमी बी काढली न्हाय." मी म्हणालो, "देवाची न्हाय." तो म्हणाला, "तरी आसू द्या." मी सोडून दिली. उशी आणि गोळ्यांचा डबा घेतला आणि निघालो.

निघताना तोच डॉक्टर भेटला. त्याचे डोळे तांबडे होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, तुम्ही सगळं केलंत. फुप्फुसं आधीच कमजोर होती. पण एक सांगतो, तो सांधा शेवटपर्यंत पक्का होता. काल तपासला. एक थेंब गळला नव्हता."

भला माणूस. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला.

दहाव्याला नदीवर घास ठेवला. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बघा तात्या, तिची काही इच्छा राहिली नाही, सुखानं गेली. मी मनात म्हणालो, तिला काही कळलंच नव्हतं, तर कावळा कशाला अडेल? तिला वाटलं, सांध्याची काळजी घेता घेता दुसरंच काहीतरी झालं. मरेपर्यंत तिला मी हुशार वाटत होतो.

मुलगी काही म्हणत नाही. दर रविवारी येते, कपडे धुते, पीठ बघते, डबे लावून जाते. एकदा भांडी घासता घासता थांबली. मला वाटलं आता बोलेल. ती पुन्हा घासायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्या दिवशी मी तिला "तुला काय कळतंय" म्हणालो होतो. ती विसरली नाही, मी पण विसरलो नाही. आता आम्ही भाजीत मीठ कमी पडलं का यावर बोलतो.

पण त्या फिजिओच्या पोरीचे लाल झालेले कान मला जेवू देईनात. तिच्या डोक्यावर माझं खोटं बसलं होतं. कारखाने सुरू झाले, रस्त्यावर उसाच्या गाड्या लागल्या, तेव्हा एक दिवस मी बारामतीला गेलो. गाड्यांमागं एसटी मुंगीसारखी चालली होती. दवाखान्यात पोरगी जिन्याजवळ भेटली. तिनं ओळखलं.

"आजोबा? कसे आहात? जेवता ना नीट?"

मी म्हणालो, "पोरी, त्या कागदावरच्या खुणा खोट्या व्हत्या. मी तिला एकदा बी चालवली न्हाय. खोकू दिली न्हाय. मला वाटलं, सांधा ताजा हाय, सुटंल. मी पाइपा जोडतो. तुज्यावर डॉक्टर रागावला तवा मी गप बसलो. ते सांगाया आलो."

ती बाकावर बसली. मी उभाच होतो. मला वाटत होतं, हिनं मला चार माणसांत बोलावं. म्हणावं, म्हाताऱ्या, तू मारलंस.

ती म्हणाली, "आजोबा, न्यूमोनिया कुणालाही होतो. वय होतं, धूर होता. सगळं केलं तरी होतो कधी कधी. मनाला लावून घेऊ नका."

हे बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती. हातातल्या घड्याळाकडं बघत होती. दोनदा चालवलं असं मी सांगायचो, तेव्हा मी पण असाच दुसरीकडं बघायचो.

वॉर्डातून कुणीतरी हाक मारली. ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मी आता तो कागद नातेवाइकांकडं देत नाही, आजोबा. प्रत्येकाला स्वतः उभं करते. माझ्यासमोर खोकायला लावते." आणि गेली.

म्हणजे तिला ठाऊक आहे. सगळं केलं तरी होतं म्हणाली, आणि मग केलं नाही म्हणून काय झालं तेही सांगून गेली. तिच्या बोलण्याचं वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. ती मला हलकं करायला बघत होती. मला हलकं व्हायचं नव्हतं. आपण गुन्हा कबूल करायला जावं आणि समोरच्यानं पाणी विचारावं, असं झालं. खाली येऊन मी एसटीची वाट बघत उभा राहिलो. शेजारी एक म्हातारी खोकत होती, छातीच्या तळापासून, खळाळून. तिची सून म्हणत होती, अवो आत्याबाई, तोंडाला पदर तरी लावा. मला त्या सुनेला सांगावंसं वाटलं की खोकू दे तिला. कोण कुठला म्हातारा, काय म्हणाली असती. मी बाजूला जाऊन उभा राहिलो.

काम मी सोडलंय. लोक येतात, म्हणतात, तात्या, दोनच सांधे आहेत. मी म्हणतो, पुसायला माणूस नाही. ते म्हणतात, आम्ही पुसतो की. मी नाही म्हणतो. सोल्युशनचे डबे एका पोराला देऊन टाकले. दिले नसते तरी ते आपोआप घट्ट होऊन बसले असते.

गोळ्यांचा डबा तेवढा ठेवलाय, भिंतीतल्या देवळीत. मुलगी म्हणते, आबा, टाकून द्या, कशाला डोळ्यासमोर. मी टाकत नाही. रोज सकाळी चहा झाला की नळी तोंडात धरतो आणि श्वास ओढतो. पहिली गोळी वर जाते. दुसरी जाते. तिसरी पण जाते आणि वर जाऊन थांबते, मी सोडेपर्यंत. जन्मभर चारीत वाकून काम केलेली छाती आहे. तिच्यात काही बिघाड नाही.